भाकडकथा की लोणकढी थाप? विज्ञानपटाला शोभेल कोणता शब्द

दादर पश्चिम:
रविवारी भाच्यासोबत एक परदेशी विज्ञानपट पाहिला, हिंदी डबिंगमधला. गोष्ट नेहमीचीच. पृथ्वीवर अवाढव्य दगड आदळणार, हातात थोडेच दिवस. मग पाच-सहा रांगडे गडी यानातून जातात, दगडाला भोक पाडून आत अणुबॉम्ब पुरतात, एक जण मागे राहून जीव देतो. बाहेर निर्वात पोकळी, तरी दणादण आवाज. घरी येऊन आईला म्हटलं, "काय भाकडकथा होती!" आई साताऱ्याकडची, लहानपण गोठ्यात गेलेलं. चहा गाळता गाळता म्हणाली, "अडीच तास बसलास, वर आल्यापासून तेच सांगतोयस. मग भाकड कशी रे? लोणकढी म्हण हवं तर."

मी आजवर भाकडकथा आणि लोणकढी थाप हे दोन्ही शब्द 'खोटी गोष्ट' एवढ्याच अर्थाने वापरत आलो. फरक आहे का? असला तर असल्या सिनेमाला कोणता लागू?

खोडरबर:
आईंना नमस्कार सांगा. दोन्ही शब्द गोठ्यातलेच, पण एकमेकांच्या उलट टोकाचे.

भाकड म्हणजे दूध आटलेलं जनावर. चारा खातं, जागा अडवतं, चरवीत काही पडत नाही. भाकडकथाही तशीच, ऐकून हाती काही लागत नाही. आता गंमत बघा, यात खरं-खोटं कुठेच आलं नाही. शंभर टक्के खरी हकीकतसुद्धा भाकड असू शकते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचा, एक अक्षर खोटं नाही त्यात.

लोणकढी हे मुळात तुपाचं विशेषण. घरचं लोणी कढवून नुकतं उतरवलेलं ते लोणकढी तूप. त्यावरून लोणकढी थाप, म्हणजे जागच्या जागी रचलेली, ताजी, खमंग. ती खोटी असतेच, पण आधी लोणी लागतं. नुसतं पाणी कढवून तूप होत नाही. 'काल चर्चगेटला वाघ दिसला' ही नुसती फेकाफेक. 'काल आरे कॉलनीत बिबट्या आमच्या रिक्षाच्या टपावर बसून पवईपर्यंत आला' ही लोणकढी. आरेत बिबटे आहेत, हे लोणी.

म्हणून माझं मत: विज्ञानपट लोणकढी असावा अशी अपेक्षा असते, फसला की भाकड होतो. तुमचा सिनेमा कुठे पडतो ते त्यात विज्ञानाचं लोणी किती होतं त्यावर.

बोरिवली स्लो:
एवढा विचार करून पिक्चर बघायचा असेल तर वरळीला तारांगणात जा ना राव. पिक्चरला लॉजिक लावायचं नसतं.

ओळीत बसवा:
'लॉजिक लावणे' यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, प्लीज. मुंबईच्या मराठीतला तो अव्वल वाक्प्रचार आहे. लॉजिक 'असतं' किंवा 'नसतं' तो सिनेमाचा गुण-दोष, पण लॉजिक 'लावलं' की दोष प्रेक्षकाचा! जसं बोट लावलं, नाट लावला.

बरं, मुद्द्यावर येते. मी अंधेरीला सबटायटलं लिहिते. विज्ञानपटाचं काम आलं की भांडण ठरलेलं, कारण लोणी आमच्या ओळीत येईस्तोवर कुणीतरी बदलतं. असाच दगडवाला एक सिनेमा होता. मी 'लघुग्रह' लिहिलं, क्लायंटने खोडून 'उल्का' केलं. कारण काय, तर शब्द छोटा आहे आणि लोकांना कळतो. अहो, सूर्याभोवती फिरतो तो लघुग्रह. वातावरणात शिरून पेटल्यावर आकाशात जी रेघ उमटते ती उल्का. जळून न संपता जमिनीवर पोचतो तो अशनी. अशनी हा शब्द तर काय देखणा आहे, संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, कोसळणारी वीज! ज्या मराठी माणसाच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं पावणेदोन किलोमीटरहून रुंद आघाती विवर आहे, त्याला अशनी कळणार नाही असं कसं?

दुसरं भांडण 'शून्य गुरुत्वाकर्षण'. यानात माणसं तरंगली की संवाद हाच. पण चारशे किलोमीटर उंचीवर, जिथे अंतराळ स्थानक फिरतं, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. मी 'भारहीनता' लिहिते. ते परत येतं, 'हेवी वाटतंय' असा शेरा मारून. भारहीनता हेवी!

निवृत्त, ठाणे:
मी पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून थोडी लुडबूड करतो. दादरकर, बॉम्ब पुरण्याला माझी हरकत आवाजाइतकी नाही. आवाज चालवून घेतो, पार्श्वसंगीत तरी कुठे निर्वातात वाजतं? हरकत अशी की शेवटच्या क्षणी दगड फोडला तरी तुकडे बहुतांश त्याच दिशेने, जवळजवळ त्याच वेगाने येत राहतात. फुटला म्हणजे टळला, असं नव्हे.

खरा उपाय याहून मजेशीर आहे, आणि तो करून पाहिलेला आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट नावाचं यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. यानाचं वजन अर्ध्या टनाहून थोडं जास्त, वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. डायमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत होता, ती फेरी ३२ मिनिटांनी कमी झाली. धक्का बारीकच, पण खूप आधी दिला तर पुढे मार्ग हजारो किलोमीटरनी हुकू शकतो. कल्याणला सांधा बदलतो तेव्हा रूळ चार बोटंच सरकतात, पण गाडी कर्जतऐवजी कसाऱ्याला जाते. विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण द्यायचो.

आता सांगा, यावर मारधाडीचा सिनेमा कसा काढणार? नायक दहा वर्षं आधी बटण दाबतो आणि पेन्शन घेतो.

बोरिवली स्लो:
सर, हा पिक्चर मी बघेन. 😄 कसाऱ्याला लावा.

चुनाभट्टी:
मी मराठी विज्ञान परिषदेच्या शेजारी राहतो. माझी या विषयातली पात्रता एवढीच. पण परिषदेच्याच १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी करून पाहा. कथेचं नाव 'कृष्णविवर'. त्या शब्दाची मराठी कानांना सवय लागली म्हणून बरं, नाहीतर सबटायटलात 'काळं भोक' वाचावं लागलं असतं.

पण मला वेगळा शब्द पुढे करायचाय: रसभंग. सिनेमातल्या वैज्ञानिक चुकीला आपण 'चूक' म्हणतो तिथेच घोटाळा होतो. काही चुका लक्षातही येत नाहीत, काही आल्या तरी खपून जातात. मोजकीच चूक अशी असते की खुर्चीतला माणूस दचकून खुर्चीत परत येतो. तो रसभंग. अद्भुतरसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून असणारा भाव, विस्मय. विस्मय टिकला तर बाकी सगळं माफ.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून याला फार नेमका शब्द वापरला होता, सविकल्प समाधी. योगातला शब्द उचलून त्यांनी वाचनानंदाला लावला. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही. एकाच वेळी इथेही आणि तिथेही. लघुग्रहावर उभं राहायचं आणि हातात पॉपकॉर्नही धरायचे! लॉजिक लावणारा समाधी मोडतो, आणि डोकं घरी ठेवून येणाऱ्याची समाधी निर्विकल्प, भानच हरपलेली, म्हणजे डुलकी.

दादर पश्चिम:
हे आवडलं. पण मग 'वैज्ञानिक अचूकता' हवी असं म्हणायचं की नाही? भाचा म्हणतो, अचूकता हवी तर माहितीपट बघ.

खोडरबर:
भाचा अचूक आणि बिनचूक यांत गल्लत करतोय. बिनचूक हा हिशेबाचा शब्द, एकही चूक नको. अचूक आपण नेमाला म्हणतो, औषधाला म्हणतो. जिथे लागायचं तिथे लागलं, बाकीचं सोडून दिलं.

उदाहरण देतो. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' सिनेमातलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून संगणकावर काढलं होतं. हे तेच थॉर्न, ज्यांना २०१७ चं नोबेल विभागून मिळालं. प्रत्यक्षात कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू कितीतरी जास्त उजळ दिसायला हवी आणि दूर जाणारी मंद. हे त्यांना ठाऊक होतं, तसं चित्रही करून पाहिलं होतं. पण प्रेक्षक गोंधळेल म्हणून पडद्यावर दोन्ही बाजू सारख्याच ठेवल्या. बिनचूक नाही. अचूक मात्र आहे, प्रकाश वाकून कृष्णविवराच्या वर-खाली कडं दिसतं ते खरं आहे, आणि विस्मय तिथेच आहे.

तुमच्या आईंच्या भाषेत, लोणी घरचं होतं, तूप गाळून घेतलं, बेरी खाली राहिली.

निवृत्त, ठाणे:
मान्य. फक्त बेरी काढली हे काढणाऱ्याला माहीत असावं. पुष्कळ ठिकाणी लोणी आणायलाच कुणी गेलेलं नसतं आणि वर 'कल्पनास्वातंत्र्य' अशी पाटी.

दादर पश्चिम:
आईला सगळं वाचून दाखवलं. केळकरांपाशी तिने मान डोलावली. बेरीपाशी मात्र थांबवलं. "खाली राहिली म्हणजे टाकली की काय? आम्ही साखर घालून भांडायचो त्याच्यावर." भाचा आणि मी रविवारपासून सिनेमातल्या चुका मोजतोय, एकोणीस झाल्यात, ते बघून म्हणाली असावी.

ओळीत बसवा:
ताजी खबर. नव्या सिनेमात 'लघुग्रह' ठेवून घेतला, भांडून. पण आता ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीही ओळी हव्यात म्हणतात, म्हणजे दार वाजलं, पाऊस पडला असले आवाजही लिहायचे. आज दुपारी यान फुटलं. अंतराळात. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले आणि मग लिहिलं: 'स्फोटाचा प्रचंड आवाज'. काय करणार, येत होता हो.