मदत हवी: लाग्रांज बिंदू एल४ टेकडीच्या माथ्यावर, तरी स्थिर कसा?

फोंड्यात नववीच्या पोरांचं सायन्स एक्झिबिशन आहे चवथीच्या सुट्टीनंतर, विषय घेतलाय कक्षा स्थिर का राहतात. साधी कक्षा त्यांना पटली, ताणलेल्या कपड्यावर गोटी फिरवली, ती घर्षणाने आत येते, अवकाशात घर्षण जवळजवळ नाहीच म्हणून पृथ्वी सूर्यात पडत नाही, इथपर्यंत ठीक. मग एकाने इस्रोचं सूर्य बघणारं यान आदित्य-एल१ काढलं. (एल१ ते एल५ हे लाग्रांज बिंदू, म्हणजे सूर्य-पृथ्वीसारख्या दोन मोठ्या वस्तूंसोबत फिरताना तिसरी छोटी वस्तू त्यांच्या सापेक्ष एकाच जागी राहू शकते अशा पाच जागा.) ते ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून साधारण १५ लाख किमीवर एल१ भोवतीच्या कक्षेत गेलं, पण ती जागा खोगिरासारखी, एका दिशेने घसरणच, म्हणून मधूनमधून थ्रस्टर (छोटी इंजिनं) मारावे लागतात. गुरूच्या एल४-एल५ जवळ (त्याच्याच कक्षेत पुढे-मागे ६० अंशांवर) मात्र हजारो ट्रोजन लघुग्रह कोणी न सांभाळता बसलेत, आणि सोबत फिरणाऱ्या चौकटीतल्या स्थितिज ऊर्जेच्या आलेखात बघावं तर हे दोन्ही बिंदू चक्क टेकडीच्या माथ्यावर!

कोरिओलिसमुळे (फिरत्या चौकटीत हलत्या वस्तूला बाजूला वळवणारा परिणाम) घसरणारी वस्तू वळते आणि दोन मोठ्या वस्तूंपैकी मोठीचं (इथे सूर्याचं) वस्तुमान धाकटीच्या (गुरूच्या) साधारण २५ पट तरी हवं, हे वाचलंय. एक्सेलमध्येही करून बघितलं, आधी कक्षाच फुगत गेली (गणिताची वेळेची स्टेप मोठी घेतलेली, माझीच चूक), बारीक केल्यावर वस्तू एल४ भोवतीच घुटमळते. म्हणजे टिकते हे दिसलं, का ते पोरांना सांगता येत नाही.

कॅल्क्युलस नको, प्रोजेक्टर नाही, पाच मिनिटं मिळणार. एक जुना टर्नटेबल आहे. त्यावर खोगीर फिरवलं की गोटी टिकते तो प्रयोग एल४ साठी म्हणून दाखवला तर चालेल, की तिथली स्थिरता वेगळ्याच कारणाने येते?