काटा हलेना, पण पट्टा सैल! तुमचंही असं झालंय का?

आज कपाट आवरताना जुना पट्टा सापडला. शेवटच्या भोकाच्या पुढे खिळ्याने पाडलेलं एक वाकडं भोक. लगेच ते चार महिने आठवले. रोज साधारण ३००-४०० कॅलरी कमी, आठवड्यातून तीनदा वजनं. १९ दिवस काटा एकाच आकड्यावर. सोडूनच देणार होतो, तर जिना चढताना पँट घसरली. टेप लावली. बेंबीपाशी ४ सेंटीमीटर कमी! शेवटी वजन जेमतेम दीड किलो उतरलं, कंबर मात्र ७ सेंटीमीटर. चरबी गेली, स्नायू आले, काट्याला बिचाऱ्याला फरक कळेना. तुमचे अनुभव लिहा.

झोपाळू: मी शहाणपणा केला, रोज ८०० कॅलरींची तूट, म्हणजे गरजेपेक्षा तेवढं कमी खाणं. ९ किलो उतरले. पण आधी १० चे डंबेल सहज उचलायचो, नंतर साडेसातला हात थरथरायला लागले. पोट होतं तिथेच, दंड गायब.

रिकामटेकडी: खिळा तापवून घेतला होता का? माझ्या पट्ट्याला चिरच गेली.

धागाकर्ता: छे, हातोडीने ठोकला. म्हणून तर वाकडं.

दोनपिल्ली: बाळ झोपलंय तोवर लिहिते. प्रथिनं मोजली तेव्हा दिवसाला ४० ग्रॅम निघाली. मी ६२ किलोची, किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तरी शंभराच्या आसपास हवीत! ती वाढवली आणि दर आठवड्याला व्यायामाचं एखादं रेप (आवर्तन) वाढवत गेले. स्क्वॉट मारताना मोठी पाठीवर चढते, तिचंही वजन वाढतंच आहे 😄 झोपेचं मात्र विचारू नका.

काठावरचा: क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) सुरू केलं आणि आठवड्यात सव्वा किलो वर. घाबरून बंद केलं. स्नायूत पाणी धरून ठेवतं ते, हे नंतर कळलं. आधी कोणी सांगायचं ना!

पुनरागमन: ८ वर्षांनी परत जिम. तूट असूनही ताकद भराभर परत आली. सोबतचा मित्र सहा वर्षं नियमित, त्याने तेवढीच तूट ठेवली, तर आहे ते टिकवतानाच दमला. नवख्यांची आणि परतलेल्यांची मजा असते, ज्यांच्याकडे चरबी जास्त त्यांचीही. मुरलेल्यांना तूट ठेवून स्नायू वाढवणं फार अवघड.

झोपाळू: म्हणजे माझी संधी मीच घालवली 🙏

पुनरागमन: अरे नाही, एकदा कमावलेले स्नायू लवकर परत येतात. तूट कमी कर आणि वजनं सोडू नकोस.

नुसतावाचक: किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्या सासऱ्यांनी परस्पर वाढवली, चांगलं ऐकून घ्यावं लागलं त्यांना.

रिकामटेकडी: पट्ट्याचा फोटो टाका हो.

धागाकर्ता: टाकतो. पण सध्या तो चिरंजीवांनी कुत्रा बनवून पलंगाला बांधलाय.