रात्रीच्या फेऱ्या : तुमचे अनुभव सांगा

वय ५८. वर्षभर रात्री चार-चार वेळा लघवीला उठतोय. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. परवा अंधारात उंबऱ्याला ठेचकाळून पडलो, तेव्हा बायको म्हणाली, आता चारचौघांना विचारा. तर विचारतो. संकोच नको.

*

माझं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी, वाढलेलं. धार बारीक, सुरू व्हायलाच वेळ, आणि येऊन पडलं की दहा मिनिटांत पुन्हा. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही १२० मिली शिल्लक निघाली. टॅमसुलोसिन या लघवीची वाट सैल करणाऱ्या गोळीने रात्री पाच वेळांवरून दोनवर आलो. सुरुवातीला उठताना चक्कर यायची, म्हणून अजूनही मिनिटभर पलंगावर बसूनच उभा राहतो. आणि सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका. मी घेतली, लघवी पार अडली, मध्यरात्री नळी घालावी लागली.

*

हे फक्त पुरुषांचंच नाही हो! दोन बाळंतपणांनंतर मला लघवीची घाई सुरू झाली. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकले. तीन महिने काही वाटलं नाही, मग वाटलं.

*

आईचे पाय संध्याकाळी सुजायचे. डॉक्टरांनी तीन दिवस प्रत्येक लघवी मापून वहीत लिहायला लावली. आई आधी चिडली. पण हिशेब पाहिला तर निम्मी लघवी रात्रीच! दिवसा पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, आणि मूत्रपिंडं रात्रपाळी करतात. त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी ती जेवणानंतर घ्यायची. डॉक्टरांनी ती सकाळी दिली, दुपारी पाय उशीवर ठेवायला सांगितले. आता एकदाच उठते.

*

तहानही लागायची, मी उन्हाळ्यावर ढकललं. साखर निघाली ३१०.

*

हसू नका, माझं कारण घोरणं. झोपेत श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा सोडणारा मास्क लावून झोपतो, बायकोही झोपते.

*

मी संध्याकाळपासून पाणीच तोडलं होतं. लघवी पिवळीजर्द झाली, जळजळ वेगळीच. आता दिवसा भरपूर पितो, झोपण्याआधी दोन तास बेताने.

*

धागा काढणारा मीच. वही सुरू केली. दर वेळी जेमतेम ८०-१०० मिली, म्हणजे वरच्या आईंसारखी रात्री जास्त लघवी होतेय असं नाही, पहिल्या प्रतिसादासारखं दिसतंय. रात्री दहाचा चहाही वहीत आलाच. सोमवारी दाखवायला जातो. उंबऱ्यापाशी झिरोचा बल्ब लावलाय.