हेड बोल्ट किती आवळायचे? मॅन्युअल नाही, दोन मेस्त्रींचे दोन आकडे

खानापूर_शेती:
तीन सिलिंडरचं जुनं ट्रॅक्टर इंजिन. हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) पॅकिंग बदलायला उघडलंय. बोल्ट १२ एमएमचे, डोक्यावर १०.९ (ताकदीचा ग्रेड) कोरलंय. एक मेस्त्री म्हणतात १२ किलो मारा, दुसरे म्हणतात ९ पुरे. नेटवरच्या तक्त्यात १२५ न्यूटन मीटरच्या (एनएम) आसपास दाखवतंय. कुठला धरायचा? आणि आटे तेल लावून बसवायचे की कोरडे? टॉर्क पाना (लावलेल्या आकड्याला 'टक' करणारा) ४० ते २०० एनएमचा आहे, पलीकडच्या बाजूला पौंड-फूट.

उद्यमबाग_फिटर:
तिन्ही आकडे बाजूला ठेवा. तक्ता फक्त बोल्टची ताकद बघतो. पॅकिंग किती दबायला हवं, हेड ओतीव लोखंडाचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हे त्याला कुठं ठाऊक? हेड, मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, इथं कंपनीचाच आकडा. मॉडेलची पाटी आणि इंजिन नंबर यांचा फोटो काढून डीलरच्या पार्ट काउंटरला दाखवा, सर्व्हिस मॅन्युअलचं ते पान मागा. पॅकिंग सेटच्या पाकिटातही कधी कधी आवळायच्या क्रमाचा कागद असतो, रिकामं पाकीट म्हणून फेकू नका.

तक्ता ब्रॅकेटसारख्या साध्या बोल्टांना चालतो. ८.८ ग्रेडला एम८ (म्हणजे ८ एमएमचा बोल्ट) सुमारे २५ एनएम, एम१० ला ४९, एम१२ ला ८५. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम६ असेल तर ८ ते १० वर थांबा, नाहीतर आटे बोल्टाबरोबर बाहेर. चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) कॉर्कचं पॅकिंग असेल तर तिथं तक्ता बघूच नका, पॅकिंग बाहेर फुगतं आणि तिथूनच ऑइल गळतं.

निपाणी_डिझेल:
तेलाचा प्रश्न आकड्याइतकाच मोठा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. घर्षण जरा घटलं की ताण एकदम चढतो. एम१०, ८.८ चा बोल्ट घ्या. कोरड्या आट्यांवर ५० एनएम मारलं तर ताण सुमारे २५ किलोन्यूटन. तेच ५० इंजिन ऑइल लावून मारलं तर ३३, म्हणजे बोल्ट प्रूफ लोडला (कायमचा न लांबता सोसेल त्या हद्दीला) टेकला. मॉलिब्डेनम ग्रीस असेल तर ४० च्या वर, बोल्ट कायमचा लांबला. पाना मात्र तिन्ही वेळा ५० वरच 'टक' म्हणणार.

म्हणून आकडा विचारताना कोरड्याचा की तेलाचा, तेही विचारा. तेलाचा असेल तर आट्यांना आणि डोक्याखाली, दोन्हीकडे हलका हात. ब्लॉकमधलं भोक आरपार नसेल तर तळाशी तेल किंवा पाणी राहता कामा नये. बोल्ट पिस्टनसारखा दाबतो, तेलाला वाट नसते, ब्लॉकला चीर जाते. आधी भोकात हवा मारा (चष्मा घालून), मग जुन्या बोल्टाला उभी खाच पाडून तो आट्यांतून फिरवून घ्या, परत हवा. नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका, तो आट्यांचं लोखंड खातो.

बेळगाव_मशीनशॉप:
'किलो'मुळे फार घोळ होतो बघा. मेस्त्रींचा १२ किलो म्हणजे १२ किलोग्रॅम-मीटर, ११८ एनएम, ८७ पौंड-फूट. ११८ चुकून पौंड-फुटाच्या बाजूला लावलात तर प्रत्यक्षात १६० एनएम बसतो. डोक्यावर आकड्याऐवजी तीन किंवा सहा रेघा दिसल्या तर बोल्ट इंची आहे, ग्रेड ५ किंवा ८. आट्याचा गेज लावल्याशिवाय मिलिमीटरचा समजू नका.

आवळताना मधल्या बोल्टापासून बाहेर, गोल फिरत. एकदम पूर्ण नको, तीन फेऱ्यांत: तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, मग पूर्ण. सावकाश ओढा, 'टक' झालं की सोडा. खात्रीसाठी म्हणून दुसरं 'टक' काढू नका, तेवढा बोल्ट आणखी फिरतो. गोटीला (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटला) सरळ एक्स्टेन्शन लावलं तर आकडा बदलत नाही. पान्याच्या रेषेत पुढं जोड लावून लांबी वाढवली तर बदलतो: मुठीच्या मध्यापासून गोटी बसते त्या चौकोनापर्यंत ४५ सेंमी आणि जोड ५ सेंमी असेल तर ११८ साठी पाना १०६ वर लावायचा. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून सैल पडते.

बोल्ट लावायच्या आधी हेडवर सरळपट्टी आडवी-तिरपी टाकून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. हेड वाकलेलं असेल तर कितीही आवळा, पॅकिंग परत जाणार.

खानापूर_शेती:
डीलरकडं पान मिळालं. आधी टॉर्क, मग ९० अंश असं लिहिलंय. इंजिन चालवून परत आवळायचं का?

उद्यमबाग_फिटर:
अंश लिहिलेत म्हणजे नवे बोल्ट घ्या, जुने ताणलेले असतात. टॉर्क झाला की प्रत्येक डोक्यावर पेंटचा ठिपका एकाच दिशेला द्या, मग पाव फेरा. तिथं 'टक'वाला पाना नको, लांब दांडीचा साधा घ्या. परत आवळायचं की नाही ते त्याच पानावर बघा. अंशवाल्या बोल्टांना सहसा लागत नाही, नसेल लिहिलं तर हात लावू नका. टॅपेटचं (व्हॉल्व्हवरच्या फटीचं) अंतर मात्र फीलरनं बघाच, पॅकिंगची जाडी थोडी जरी बदलली तरी ते सरकतं.