परसात काय उगवलं आणि कोण खाऊन गेलं: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मृगाचे दोन पाऊस झाले आणि वांग्याच्या वाफ्यात एक वेल निघाला. मी तिथे काहीच लावलं नव्हतं. पानं कारल्यासारखी, पण कातरी तेवढ्या खोल नाहीत. तण समजून उपटायला हात घातला तर सासूबाई आतून ओरडल्या, "अगं थांब, कडवंची असंल ती!"

महिन्याभरात फिकट फुलं आली आणि मग बोराएवढी, शिरा असलेली हिरवी फळं. कडवंचीच. गेल्या वर्षी शेतातून काळी माती आणली होती, तिच्यातून कंद आला असणार. कडवंचीचा कंद जमिनीत राहतो, उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, पाऊस लागला की पुन्हा फुटतो. लक्ष्मी मंडईत खेड्यातल्या बायका छोट्या ढिगांनी विकतात ती हीच. देठ काढून, चोळून बिया झटकल्या आणि कांदा, लसूण, शेंगदाण्याचं कूट घालून कुरकुरीत परतली. कडक भाकरीबरोबर दोन घासांत संपली.

तेव्हापासून ओळख पटल्याशिवाय काही उपटत नाही. मात्र त्याच वाफ्याशेजारचे टोमॅटो रोज कोणीतरी अर्धे खाऊन ठेवतंय. तुमच्याकडे काय उगवलं, कोण खाऊन गेलं, तुम्ही काय केलंत? सविस्तर लिहा.

होटगी रोड, गच्चीवरची बाग

ताई, टोमॅटो अर्धे सोडलेत ना? मग खार बघा. बुलबुलही टोचतात, पण त्यांची चोच मारल्याची खूण वेगळी दिसते, खारीने कुरतडलेलं लगेच कळतं. एप्रिलमध्ये पारा 42-43 वर गेला की आमच्याकडे हा त्रास फार व्हायचा. मी खूप चिडायचो. एकदा दुपारी जिन्याच्या दारात बसून बघितलं. खार टोमॅटो फोडून रस चाटत होती आणि उरलेलं टाकून पुढच्या टोमॅटोकडे जात होती. भुकेपेक्षा तहानच जास्त होती तिला.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, आपणच बादल्या भरून ठेवतो, तर या जिवांनी कुठे जायचं? मातीची पसरट परात सावलीत ठेवली, आत एक दगड, म्हणजे पडलेलं पिल्लू चढून बाहेर येतं. पाणी रोज बदलतो, नाहीतर डास होतात. नासाडी थांबली नाही, पण निम्म्यावर नक्की आली. शिवाय टोमॅटोवर लाली धरायला लागली की तोडून घरात टोपलीत ठेवतो. तिथे छान पिकतात.

पूर्व भाग

आमचा किस्सा भीतीचा आहे. शेणखताबरोबर काहीतरी आलं आणि पुरुषभर उंच झालं. पानं हाताच्या बोटांसारखी फाटलेली, कडा करवती. शेजारच्या मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं, "काका, हा गांजा आहे." माझ्या तर पोटात गोळा आला. रात्रीतून उपटून टाकायचं ठरवलं होतं.

समोरच्या घरातले आजोबा तेलुगू. सकाळी फिरायला निघाले होते, त्यांना झाड दाखवलं. एक फूल उमललं होतं, फिकट पिवळं, आत गडद लाल डोळा. ते बघून हसले, म्हणाले, "गोंगुरा की ओ!" पान चावून बघितलं, आंबट. आपली अंबाडी! कोपऱ्यावरच्या कन्नड वहिनी तिलाच पुंडी म्हणतात. तीन नावांची भाजी आणि आम्ही तिला गांजा समजून बसलो होतो. आता दर पावसाळ्यात मुद्दाम बी टाकतो.

एक सांगतो, त्यांनी आधी फूल ओळखलं, मग पान तोंडात घातलं. अनोळखी झाड चावून बघायचं नाही.

विजापूर रोड

वरच्या शेवटच्या ओळीला माझा दुजोरा. आमच्या वांग्यांत एक रोप जोमाने वाढलं, पान वांग्यासारखंच वाटलं म्हणून पाणी घालत राहिले. वर तोंड केलेलं मोठं पांढरं फूल आलं, मग काटेरी गोल फळ. धोत्रा. त्याचं सगळंच झाड विषारी, बिया तर फारच. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. घरात चार वर्षांची नात आहे, म्हणून हातमोजे घालून मुळासकट काढला.

शेळगी

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसणारं काही असेल तर फवारू नका. लिंबाच्या फुलपाखराची अळी असते ती. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते. मी दोन फांद्या तिच्यासाठी सोडते.

बाळे

लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितो. रताळी लावली होती. रोज सकाळी वाफ्यात मातीचा ढीग आणि खाली बीळ. घूस. वैतागून विषाच्या वड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी आमची मांजर तुळशीवृंदावनामागे मेलेली सापडली. आठ वर्षांची होती. विष खाल्लेली घूस तिने खाल्ली असणार. त्यानंतर घरात विष आणलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच बिळाजवळ लांबलचक साप दिसला. सर्पमित्राला बोलावलं. तो म्हणाला, "धामण आहे, बिनविषारी. उंदीर-घुशींच्या मागावर येते. नेऊ का राहू देऊ?" बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, राहू द्या. धामण आठवडाभर दिसली, नंतर नाही. मातीचे ढीग मात्र त्या साली आले नाहीत. आता वाफ्याच्या तळाशी बारीक लोखंडी जाळी घालूनच रताळी लावतो.

नान्नजच्या बाजूचं गाव

आमच्याकडे काळविटं येतात. माळढोक अभयारण्य 1979 सालचं, आमच्या आधीपासून ती इथली. घरामागची मेथी आणि हरभऱ्याचे शेंडे रात्रीत साफ करायची. आईने जुन्या नऊवारी साड्या चारी बाजूंनी बांधल्या. वाऱ्याने पदर हलतो आणि कळप लांबूनच वळतो. दर आठ-दहा दिवसांनी साड्यांची जागा बदलते ती, नाहीतर सरावतात.

धागा सुरू करणारी

होटगी रोडच्या काकांचं ऐकून परात ठेवली. पहिल्याच दुपारी खार आली आणि तिच्यामागे दोन साळुंक्या. टोमॅटो अजून खातात, पण बरेच पिकून घरात येतायत.

बाळ्याच्या दादा, मांजरीचं वाचून फार वाईट वाटलं. आम्हीही परवा उंदरांसाठी तसल्याच वड्या आणल्या होत्या, त्या परत दिल्या.

आणि परातीच्या कडेला नवीन रोप आलंय. समोरासमोर पानं, खोडावर बारीक लव, चोळलं तर काहीच वास नाही. पक्ष्यांनीच बी आणलं असेल. कुणाला ओळखता येतंय का?