चासी कापल्यावर गाडी सुधारते का बिघडते?

जालनेकर
इकडं सध्या एकच टूम आहे. जुनी पल्सर नाहीतर बुलेट घ्यायची, मागची चासी कापायची, अर्धगोल लूप वेल्ड करायचा, एका माणसाची सीट टाकायची, की झाली कॅफे रेसर. दिसायला झकास, वाद नाही. पण वर छातीठोकपणे सांगतात, "हँडलिंग भारी झालं." कसं झालं? पुढच्या दांड्यांचा कल, ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला टेकते तिथून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) ही तिन्ही मापं एकमेकांना धरून ठरवलेली असतात. त्यातलं एक हललं की बाकीची दोन हलतात. रोजच्या वापरातल्या गाडीच्या चासीला ग्राइंडर लावूच नये, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावं, फोटो नको.

नांदेड_टूस्ट्रोक
कारण देतो. कंपनीची मापं म्हणजे तडजोड. नवरा-बायको, मधे पोरगं, टाकीवर पिशवी, एवढं धरून गाडी बनवतात. मी एकटा फिरतो, मग ती तडजोड मी का वागवू? माझ्या यामाहा आरएक्सचे दांडे टीमधून (हँडलखाली दांडे धरून ठेवणारी पकड) १० मिलिमीटर वर सरकवलेत. कल साधारण अर्ध्या अंशाने कमी होतो, ट्रेल दोन-तीन मिलिमीटरने घटतो. वजिराबादच्या गर्दीत गाडी नुसत्या नजरेवर वळते.

जालनेकर
दांडे सरकवणं म्हणजे चासी कापणं नव्हे. बोल्ट ढिले केले की गाडी पुन्हा होती तशी. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

मिस्त्री_अंबाजोगाई
मी गॅरेज चालवतो, दोघांनाबी सांगायलो. लूपसाठी चासी कुठं कापली त्यावर सगळं हाय. शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या मागं कापलं तर फार बिघडत नाही, तिथं नुसती सीट अन् मडगार्डच असतंय. पण सीट आखूड दिसावी म्हणून पोरं बोल्टाच्या पुढं कापायला लावतात, अन् शॉकअपची पकड नव्या नळीवर येती. वर दोन नळ्यांमधली आडवी पट्टीबी उडवतात. मग खड्ड्यात डावी बाजू एकीकडं अन् उजवी दुसरीकडं. अशी गाडी माझ्याकडं आली की मी आधी वेल्डिंगच्या टाक्याची कड बघतो. टाका तुटत नाही, त्याच्या शेजारची नळी तुटती, कारण तापून तिथला लोखंडाचा दम गेलेला असतो. रंगाखालून केसाएवढी तांबूस रेघ दिसली की समजायचं. वरून पुट्टी मारून आणलेली असली तर तीबी दिसत नाही.

वाळूज_नाईट_शिफ्ट
मिस्त्रींना सलाम. चिमट्याचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं, कुणी बोललंच नाही. मागं रुंद टायर बसवायला चिमटा लांबवतात आणि शॉकअप जुन्याच जागी ठेवतात. चिमटा एक पंचमांशाने लांबला तर चाकापाशी स्प्रिंगची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते, कारण हिशेब वर्गाने चालतो. सरळ रस्त्यावर गाडी तासनतास सोफ्यासारखी पळते, म्हणून मालक खूश. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर मागचं टोक बसतं, पुढचं हलकं होतं आणि गाडी बाहेर पळते. पिकअप वाढला म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की इंजिन तेच आहे. दोन-तीन किलो लोखंड गेलं, तर तेवढं रुंद टायरने परत आणलं.

नांदेड_टूस्ट्रोक
वाईट काम केलं तर वाईटच होणार. नीट जिग (चासी मापात पकडून ठेवणारा साचा) लावून, गसेट (सांध्यावर आधाराची पट्टी) देऊन, जाड नळी घेऊन केलं तर? जुन्या चासी मानेपाशी, म्हणजे हँडल बसतं त्या नळीपाशी, पिळवटतात, तिथं पट्टी देऊन गाडी घट्ट झाल्याचं मी स्वतः अनुभवलंय. सगळं कंपनीवरच सोडायचं तर गॅरेज बंदच करा.

जालनेकर
जिग किती गॅरेजात आहे? आमच्याकडं तर दोरी लावून चाकं एका रेषेत आहेत का ते बघतात. आणि मान घट्ट वाटायला निम्म्या वेळा बॉल रेसर (मानेतलं बेअरिंग) बदलला तरी पुरतं. चिमट्याचे बुश, पुढच्या दांड्यांचं तेल आणि बरं टायर, एवढं केलं तर जुनी गाडीही ओळखू येत नाही. हा खर्च कुणाला दाखवता येत नाही, एवढीच अडचण.

धाराशिव_वकील
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीलाही आयतं निमित्त मिळतं.

नांदेड_टूस्ट्रोक
मग चाऱ्याच्या भाऱ्यासाठी अन् दुधाच्या कॅनसाठी गावोगाव जे कॅरिअर वेल्ड केलेत, त्यांनाही दंड लावा. चासीवरच लावलेत की ते.

मिस्त्री_अंबाजोगाई
वकीलसाहेब, ह्याचं उत्तर तुम्ही द्या. त्यातल्या निम्म्या कॅनवाल्यांचे शॉकअप मीच बदलतो. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर लाटा मारतो, त्यावर कॅन भरून जायचं म्हणजे मागच्या नळ्या वाकणारच. कापलेल्या गाड्या माझ्याकडं दिवाळीला येत्यात, कॅनवाल्या बारा महिने.

धाराशिव_वकील
कागदावर कॅरिअरही बदलच ठरू शकतो. पण दुधाच्या गाडीला रस्त्यात कुणी अडवत नाही.

नांदेड_टूस्ट्रोक
हेच म्हणायचं होतं मला. 😄 पण मिस्त्री, मानेला पट्टी देताना आधी टाकी काढता ना? पुढच्या आठवड्यात आणतोय गाडी.