सेल्टिक्सचे म्हातारे प्लेऑफमध्ये जागे होतील का?

चार्ल्सकाठी · 15 एप्रिल 2010

काल रात्री एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सीझन आमच्या बोस्टन सेल्टिक्ससाठी संपला. शेवटची मॅच घरच्या मैदानावर, आणि मिल्वॉकीकडून हार. 50 विजय, 32 पराभव, पूर्व विभागात चौथा नंबर, आता प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या. ज्यांनी हिशेब ठेवला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नाताळच्या दिवशी ऑर्लँडोला हरवलं तेव्हा हाच संघ 23-5 होता. त्यानंतर 27 जिंकल्या आणि 27 हरल्या. म्हणजे साडेतीन महिने आमची नाणेफेकच चालू होती.

गार्नेट 33, पिअर्स 32, रे अ‍ॅलन 34, आणि यंदा मुद्दाम आणलेला रशीद वॉलेस 35. चौघांची बेरीज 134 वर्षं. 2008 साली पहिल्या तिघांनी 66 मॅच जिंकून, फायनलला लेकर्सना लोळवून कप आणला, त्याची पुण्याई किती दिवस खायची?

फेब्रुवारीच्या शेवटी नेट्सविरुद्धच्या मॅचला गेलो होतो. अख्ख्या सीझनमध्ये 12 मॅच जिंकलेला संघ, त्यातली एक आमच्या अंगणात येऊन जिंकून गेला. माझं तिकीट पार वरच्या रांगेतलं, त्यामुळे चेंडू सोडून माणसं बघता येतात. मी गार्नेटला बघत बसलो. पूर्वी समोरच्यानं शॉट मारला की चेंडू रिंगला लागायच्या आत हा हवेत असायचा. त्या दिवशी उडी मारण्याआधी उजवा पाय एकदा टेकवून बघत होता, लाइट गेल्यावर जिना उतरताना आपण पायरी चाचपतो ना, तसा. तेवढ्यात चेंडू दुसऱ्याच्या हातात. मागच्या मे महिन्यात त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डिसेंबरअखेर तो पुन्हा दुखावला होता.

'प्लेऑफ आले की बटण दाबतील' असं इथे ऑफिसात रोज ऐकतो. माझं मत: बटण आहे, पण वायर जळलीय. मायामीशी पहिली फेरी कशीबशी निघेल, पुढे क्लीव्हलंड आहे. तुम्हाला काय वाटतं?

नागपाड्याचा लेफ्टी · 15 एप्रिल 2010

चार्ल्सराव, वरच्या रांगेत बसून तुम्ही पाय बघितलेत, आता जरा तक्ता बघा. घरच्या मैदानावर 24-17, बाहेर 26-15.

पाय संपलेला संघ बाहेरगावी जास्त हरायला हवा की नको? रात्रीचं विमान, परकं हॉटेल, दुसऱ्या दिवशी परत मॅच. आमचे म्हातारे तिथे जिंकतात आणि घरी नेट्ससारख्यांशी हरतात. हा गुडघ्याचा आजार नव्हे, हा कंटाळा आहे. ज्याने कप उचललाय त्याला फेब्रुवारीतल्या मॅचचं काय कौतुक?

दुसरं, वेळापत्रक. साडेपाच महिन्यांत 82 मॅच म्हणजे हमालीच. मायामीच्या मॅच कधी आहेत पाहा: 17, 20, 23, 25, 27. लागोपाठ दोन रात्री खेळायची भानगडच नाही. मस्तान तलावाच्या कोर्टावर आमचा पस्तिशीच्या पुढच्यांचा संघ उतरतो. एका दिवसात दोन मॅच ठेवल्या की दुसरीत कॉलेजची पोरं आम्हाला धुतात. तीच मॅच दोन दिवसांनी ठेवा, मग बोलू.

तिसरं, आणि हेच खरं. प्लेऑफमध्ये तोच संघ चार ते सात वेळा समोर येतो. कोण डावीकडून निसटतो, कोणाला धक्का दिला की राग येतो, हे ओळखायला डोकं लागतं. प्रशिक्षक डॉक रिव्हर्सच्या हाताखाली डिफेन्स बसवणारा टॉम थिबोडो आहे. असा मास्तर आणि असे मुरलेले विद्यार्थी असले की समोरच्याची दुसऱ्या मॅचपासून कोंडी होते.

घोडामैदान जवळच आहे.

आकडेबुवा · 16 एप्रिल 2010

लेफ्टीकाका, बाहेरगावचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण कंटाळ्याने रिबाउंड कमी होत नाहीत हो.

हा संघ रिबाउंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, लीगच्या तळाशी आहे. समोरच्याचा शॉट चुकवायला भाग पाडायचं, इतपत डिफेन्स आजही उत्तम. पण चुकलेला चेंडू परत त्याच्याच हातात गेला तर शॉट घ्यायला मिळतात त्या 24 सेकंदांची मेहनत पाण्यात. ते काम डोक्याने होत नाही. बॉक्स आउट करायला, म्हणजे समोरच्याला पाठीने अडवून धरायला, अनुभव पुरतो, त्यानंतर उडावंच लागतं. आता आत उभा राहून धक्के खाणारा एकटा पर्किन्स. वॉलेसला त्यासाठीच आणला म्हणावं, तर तो तीन पॉइंटच्या रेषेवर जाऊन उभा राहतो.

माझा अंदाज: सुधारतील, पण जिथे सुधारायला हवं तिथे नाही.

स्वाती ठाणे · 16 एप्रिल 2010

मला बास्केटबॉलमधलं शाळेतल्या पीटीच्या तासाइतकंच कळतं. पण वयाचं म्हणाल तर आत्ता फेब्रुवारीत ग्वाल्हेरला 36 वर्षांच्या माणसाने 147 चेंडूंत 200 केले. तेव्हा कुणी वायर जळली म्हणालं नाही!

चार्ल्सकाठी · 16 एप्रिल 2010

स्वातीताई, देवाला मध्ये आणू नका, मग वादच संपतो :)

पण तो डाव आठवा. शेवटच्या षटकांत धोनी हाणत होता आणि सचिन दुसऱ्या टोकाला बॅटवर रेलून उभा होता. आपण सगळे टीव्हीसमोर धोनीला शिव्या घालत होतो, त्याला स्ट्राइक दे म्हणून. क्रिकेटमध्ये दमलेल्या माणसाला ते दुसरं टोक असतं. बास्केटबॉलमध्ये दुसरं टोक म्हणजे 94 फूट पळत जायची जागा.

जुना लेकर · 16 एप्रिल 2010

चालू द्या. आम्ही फायनलला वाट बघतोय, तुम्ही आलात तर 2008 चा हिशेब चुकता करू, नाही आलात तर तुमच्या गुडघ्यांना आमच्या शुभेच्छा.

नागपाड्याचा लेफ्टी · 16 एप्रिल 2010

या लेकरसाहेब, तुम्हीच आलात ते बरं झालं. 1969 आठवतंय? बिल रसेल 35 वर्षांचा, खेळाडूही तोच, प्रशिक्षकही तोच. सॅम जोन्स 35. सेल्टिक्स 48-34, पूर्वेत चौथे. हो, तेव्हाही चौथेच! सगळे म्हणाले, म्हातारे संपले. फायनलची सातवी मॅच तुमच्या लॉस एंजेलिसात. तुमच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. स्कोअर 108-106, आणि फुगे छतालाच.

1995 चं ह्यूस्टनही घ्या. सहावा नंबर, 47 विजय. वाटेत 60, 59, 62 आणि 57 मॅच जिंकलेले चार संघ आडवे करून कप नेला.

आकडेबुवा · 16 एप्रिल 2010

1969 ला लीगमध्ये 14 संघ होते आणि तीन फेऱ्यांत कप हातात. आता 30 संघ आणि चार फेऱ्या. रसेल 35 चा असला तरी रिबाउंडला रसेलच होता. आणि ह्यूस्टनने सीझनच्या मध्यात क्लाइड ड्रेक्सलर आणला. आपण फेब्रुवारीत कोण आणला? पाच फूट नऊ इंचांचा नेट रॉबिन्सन. डंकच्या (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबायच्या) स्पर्धा तीनदा जिंकलाय, मान्य, पण रिबाउंडचं दुखणं डंकने बरं होत नाही.

चार्ल्सकाठी · 18 एप्रिल 2010

पहिली मॅच जिंकलो, पण गार्नेटने मायामीच्या क्वेंटिन रिचर्डसनला कोपर मारलं आणि दुसऱ्या मॅचला बंदी ओढवून घेतली. हाच का तुमचा अनुभव, काका? 33 वर्षांचा माणूस नववीतल्या पोरासारखा वागतो.

नागपाड्याचा लेफ्टी · 18 एप्रिल 2010

कंटाळलेला माणूस कोपर मारत नाही.

नागपाड्याचा लेफ्टी · 28 एप्रिल 2010

4-1. मायामी घरी. दुसरी मॅच गार्नेटशिवाय 106-77. तिसरीत शेवटच्या क्षणी शॉट कोणी मारला? 32 वर्षांच्या पिअर्सने, त्यांच्या घरात, 100-98. मी काही बोलत नाही.

आकडेबुवा · 28 एप्रिल 2010

एवढं बोलून काही बोलत नाही म्हणे. मायामीकडे एकटा ड्वेन वेड होता. क्लीव्हलंडने 61 जिंकल्यात.

चार्ल्सकाठी · 8 मे 2010

124-95. बोस्टनमध्ये. सेल्टिक्सच्या इतिहासात प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर इतका मोठा पराभव कधी झाला नव्हता. त्यांच्या लेब्रॉन जेम्सने पहिल्या क्वार्टरमध्येच 21 ठोकले. कुठे आहे तो कोंडी करणारा मास्तर? क्लीव्हलंड 2-1 पुढे.

आनंद होत नाहीये हे लिहिताना, पण लिहायचं होतं. पहाटे उठून बघणाऱ्यांबद्दल सहानुभूती.

स्वाती ठाणे · 8 मे 2010

आमच्याकडे नवरा पहाटेपासून गप्प आहे. तुमच्या धाग्यामुळे निदान कारण तरी कळलं.

नागपाड्याचा लेफ्टी · 8 मे 2010

एका मॅचवर तेराव्याचं जेवण घालू नका. मालिका चार विजयांची असते.

आकडेबुवा · 10 मे 2010

2-2. आणि मला माझेच शब्द गिळावे लागतायत. आमचा रॉन्डो: 29 पॉइंट, 18 रिबाउंड, 13 असिस्ट. 18 रिबाउंड! सहा फूट एक इंचाचा पोरगा, दोन्ही संघांत सगळ्यांत जास्त. ज्या कामाला उंची आणि उडी लागते असं मी वर ठणकावून लिहिलं, ते पॉइंट गार्डने, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्याने, केलं. नीट बघितलं तर तो उडतही नव्हता फारसा. चेंडू रिंगवरून कुठे उडणार ते त्याला आधी कळायचं आणि मोठ्यांच्या भांडणातून हा अलगद घेऊन पळायचा.

चार्ल्सकाठी · 10 मे 2010

म्हणजे माझाच मुद्दा की! रॉन्डो 24 चा आहे. म्हातारे सुधारले नाहीत, घरातलं पोरगं कमावतं झालं.

नागपाड्याचा लेफ्टी · 10 मे 2010

आणि ते रिंगखालचं भांडण कोण करत होतं? गार्नेट आणि पर्किन्स दोघं समोरच्या धिप्पाडांना पाठीने रेटून धरतात, म्हणून पोराला मोकळी जागा मिळते. गार्नेटच्या नावावर त्या वेळी काहीच लागत नाही. आमच्या कोर्टावर असल्या माणसाला 'दरवाजा धरणारा' म्हणतात. आकडेबुवांच्या वहीत त्याचा रकाना नाही.

मुलगा कमावता झाला की बाप निवृत्त होतो असं थोडंच आहे? तो घर धरून ठेवतो.

आकडेबुवा · 14 मे 2010

पाचवी त्यांच्या घरात 120-88, लेब्रॉनचे 14 पैकी 3 शॉट आत. सहावी आज पहाटे 94-85. 61 जिंकलेला क्लीव्हलंड घरी गेला. लेफ्टीकाका, साष्टांग.

चार्ल्सकाठी · 14 मे 2010

मीही टोपी काढतो. नॉर्थ स्टेशनला काल रात्री अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, एकाने तर माझ्या जॅकेटवर बिअर सांडून माफीही मागितली नाही आणि मला रागही आला नाही. तरी वायर जळल्याचं मत मागे घेत नाही. जोड देऊन चालवलीय असं म्हणतो.

जुना लेकर · 14 मे 2010

या, फुगे बांधून ठेवतो.

आकडेबुवा · 18 जून 2010

ऑर्लँडोला 4-2 ने काढलं, फायनलला लेकर्सशी सात मॅचपर्यंत गेलो. आज सकाळी सातवी: 79-83.

सहावीत पर्किन्सचा गुडघा गेला, म्हणून आज त्याच्या जागी 35 वर्षांचा वॉलेस. रेषेवर उभं राहण्याबद्दल मी त्याला नावं ठेवली होती, आज तो माणूस पोटरी धरून वाकत होता आणि परत आत जाऊन धक्के खात होता. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने 24 पैकी 6 शॉट मारले. म्हणजे डिफेन्सने आपलं काम केलं. रिबाउंड: लेकर्स 53, आपण 40. त्यांनी स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचे परत उचललेले: 23. आपण: 8.

एप्रिलमध्ये हे मीच लिहिलं होतं, तरी 'सांगितलं होतं' म्हणावंसं वाटत नाहीये.

जुना लेकर · 18 जून 2010

चिडवायला आलो होतो. पण आमच्या घरातही आज श्वास रोखूनच बसले होते सगळे. चांगले खेळलात.

चार्ल्सकाठी · 18 जून 2010

तिसऱ्या क्वार्टरला 13 ने पुढे होतो. तेव्हा मी मनातल्या मनात हा धागा उघडून माफीनामा लिहायला घेतला होता. तोच नडला बहुतेक.

स्वाती ठाणे · 18 जून 2010

म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर काय? जागे झाले की नाही? नवऱ्याला विचारायची सोय नाही.

नागपाड्याचा लेफ्टी · 18 जून 2010

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत झाले होते, ताई. त्यांना आज तरी काही विचारू नका, चहा द्या.